बुधीच्या डोक्यावरची ओढणी

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. विसरलो असतो तर निदान म्हातारपणाच्या नावावर खपलं असतं. पण विसरलो नाही, टाळली. कुणी विषय काढला की मी दुसऱ्या गोष्टीकडे वळायचो, कुणी स्तुती केली की मान खाली घालायचो. ती मान लाजेने खाली जाते हे कुणाला कळू दिलं नाही. लोकांना तो माझा विनय वाटला. मीही तो वाटू दिला.

यंदाही पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचा उपवासकाळ संपता संपता मोह गळायला लागला आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोडायची इंजिनं कर्जत स्टेशनात रात्रंदिवस धुमसत असतात, त्यांचा धूर आमच्या कौलांवर, कपड्यांवर, भाकरीवरसुद्धा बसतो. पण पहाटे डोंगराकडून वारा सुटला की त्या धुरातूनही मोहाचा वास वाट काढत येतो. गोड, जड, थोडा आंबलेला. ज्याला आवडतो तो त्याच्या मागे रानात जातो. मी उठून खिडकी लावून घेतो. माझी बायको कातरीन हयात होती तेव्हा अंथरुणातूनच म्हणायची, "खिडकी लावून वास थांबत नाही हो." एवढंच. पुढचं ती कधी बोलली नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

यंदा मात्र खिडकी लावून भागलं नाही. त्याला कारण आमच्या देवळाच्या शाळेचे नवे मास्तर.

माणूस भला आहे. शिकलेला आहे, मुलांना मारत नाही, पेटी चांगली वाजवतो. पहिल्यांदा ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घेणाऱ्या मुलांचा धर्मवर्ग चालू आहे, तिथे त्याने मला आग्रहाने बोलावलं. खुर्ची दिली. मुलं सतरंजीवर बसली होती, मागे त्यांच्या आया. मास्तरने उपासाचा नियम सांगितला, मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य, आणि मग आवाज बदलून म्हणाला, "आपल्या याच देवळात फार वर्षांपूर्वी एक मुलगी तोंडाला दारूचा वास घेऊन वेदीपाशी आली होती. आणि हे आजोबा बसलेत ना, यांनी तिला हात धरून बाजूला केलं. वेदीची लाज राखली."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. एका पोरीचे पुढचे दोन दात पडलेले होते. तिने विचारलं, "मग तिचं काय झालं?"

मास्तर म्हणाला, "ते देवाला ठाऊक."

वर्ग सुटल्यावर मुलं रांगेने आली आणि एकेकाने माझा हात कपाळाला लावून आशीर्वाद मागितला. ती बिनदाताची पोरही आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात मला जळत्या निखाऱ्यासारखा लागला. घरी आलो तो संतापलेलाच आलो. मास्तरवर रागावलो नव्हतो, त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने सांगितलं. ते सांगितलं कुणी? ज्यांनी सांगितलं त्यांना कुणी सांगितलं? शोधत शोधत गेलं तर शेवटी माझ्याच दारात यावं लागतं.

तिचं काय झालं हे देवाला ठाऊक आहेच. मलाही ठाऊक आहे. म्हणून आता लिहितो.

हे घडलं त्याच्या थोडं आधी रोमहून पोपचा नवा हुकूम लागू झाला होता. पूर्वी आमच्यात मूल चांगलं जाणतं झाल्यावर, बारा-तेराचं झाल्यावर, पहिलं ख्रिस्तशरीर घ्यायचं. आता सात वर्षांच्या पोरालाही ते द्यावं असं ठरलं. मुलाला साधी भाकर आणि वेदीवरची भाकर यांतला फरक समजला म्हणजे पुरे. आयांमध्ये केवढी खळबळ माजली. "दुधाचे दात पडले नाहीत अजून, आणि ख्रिस्तशरीर?" असं एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "गिळताना खोकला आला तर पाप कुणाला?" फादर महिन्यातून एकदा गाडीने येत, वेदीवर मिस्सेची उपासना करत आणि परत जात. बाकीचे दिवस देऊळ, शाळा आणि धर्मवर्ग माझ्याकडे. देऊळ म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली, एका टोकाला वेदी. रविवारी ते देऊळ, एरवी पडदा ओढला की शाळा.

मुलं दोन प्रकारची. रेल्वेच्या चाळीतली, वसई-गोव्याकडून आलेल्या ड्रायव्हर-फायरमनांची, पायांत बूट. आणि चौक गावच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी होती, तिथल्या तीन घरांनी बाप्तिस्मा घेतला होता, त्यांची मुलं. ती अनवाणी, रान तुडवत यायची. त्यांतली बुधी. बाप्तिस्म्यात आम्ही तिचं नाव लुसिया ठेवलं. ते नाव हजेरीपुरतं राहिलं. बुधवारी जन्मली म्हणून बुधी, आणि ती बुधीच राहिली.

तिचा बाप जैतू. संध्याकाळी मी वाडीत जायचो, कारण माझं म्हणणं असं की आईबापांना येत नाही ती प्रार्थना मुलाच्या तोंडी टिकत नाही. अंगणात सगळे बसायचे. बुधीला 'आमच्या बापा' दोन संध्याकाळींत आलं. जैतूला महिना झाला तरी येईना. ती त्याच्या गुडघ्यावर चापट मारून सांगायची, "पुढं बोल ना बा, मधीच काय थांबतोस?"

जैतू म्हणायचा, "मास्तर, देवाला आमचं बोलनं कळत नाय का? एवढं पाठ कशाला करायचं? सांगतो की त्याला, पोरांना बरं ठेव म्हनून."

"पाठ केलं म्हणजे सगळे मिळून म्हणता येतं," मी सांगायचो.

"मग ठीक हाय. नाचात बी तसंच असतं. सगळ्यांचा पाय एकदम पडाया पायजे."

त्याचं हे उत्तर मला कुठल्याही फादरच्या प्रवचनापेक्षा पटलं होतं. त्या अंगणात मी काय काय खाल्लं. नाचणीची भाकर, करटोल्याची भाजी, आणि वाळवलेल्या मोहाची फुलं तिळाबरोबर भाजून कुटलेली. मोहाची दारू होते हे खरं. पण पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं तेव्हा तीच वाळवलेली फुलं शिजवून पोरांच्या पोटात जातात, हेही खरं. मी ती खाल्ली होती. बोटं चाटून खाल्ली होती. हे आधीच लिहून ठेवतो, पुढे लागेल.

वर्गात मी मुलांना पापनिवेदन शिकवायचो. जे केलं ते सांगायचं, झाकायचं नाही, आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्यायचं. मी म्हणालो, "कुणाची कोंबडी चोरलीत आणि फादरना सांगितलंत, तर देव क्षमा करेल. पण कोंबडी परत द्यावी लागेल."

बुधीने हात वर केला. "मास्तर, कोंबडी खाऊन टाकली असंल तर?"

सगळी मुलं हसली. ड्रायव्हरचा टोनी म्हणाला, "मग पिसं दे."

मी म्हणालो, "मग दुसरी कोंबडी द्यायची. नाहीतर काम करून फेडायचं. पण माफी मागायची त्याच्याच दारात जाऊन. देवळात नाही."

"आनि तो मारंल तर?"

"तर मार खायचा," मी म्हणालो. किती सोपं होतं ते बोलणं. मी तेव्हा चाळिशीत होतो, आवाज खणखणीत होता, आणि मी कुणाची कोंबडी चोरली नव्हती.

टोनीची आई इसाबेलबाई. तिचा नवरा मेल गाडीचा ड्रायव्हर, देवळाचे पत्रे त्याने घातले होते, घंटाही त्यानेच आणवली. पास्खाच्या आधी ती माझ्याकडे आली. उभ्याउभ्याच बोलली.

"मास्तर, वाडीची पोरं आमच्या पोरांच्या रांगेत गुडघे टेकणार म्हणे?"

"वेदीला दोन रांगा नसतात, बाई."

"ते मला शिकवू नका. ती रात्री काय खातात, काय पितात, कोण बघणार? आमची पोरं आम्ही राखतो. त्यांची कोण राखणार?"

"मी राखीन," मी म्हणालो. "माझ्या मुलांकडून एक डाग लागला तर मला येऊन विचारा."

ही माझी फुशारकी. तेव्हा वाटलं, मी न्यायासाठी उभा राहिलो. आज वाटतं, मी त्या पोरांना पणाला लावलं. त्यांना न विचारता, त्यांच्या सात-आठ वर्षांच्या डोक्यांवर माझा शब्द ठेवून दिला, आणि ती डोकी हलली तर माझा शब्द पडणार होता. कुणासाठी भांडणं आणि कुणाला आपल्या मोठेपणाचं प्यादं करणं, यांत अंतर किती कमी असतं हे भांडताना दिसत नाही.

कातरीनने आपल्या लग्नातलं पांढरं वस्त्र पेटीतून काढलं आणि वाडीच्या मुलींसाठी त्याच्या ओढण्या शिवल्या. चाळीतल्या मुलींच्या ओढण्या मुंबईहून आल्या होत्या, जाळीदार. बुधीची साध्या मलमलीची, काठाला कातरीनच्या हातची बारीक वेल. बुधीने ती डोक्यावर घेऊन पाहिली आणि विचारलं, "बाई, ही मला द्यायची का मागारी द्यायची?"

कातरीन म्हणाली, "तुलाच गं. तुझ्या लग्नातही घाल."

पास्खाच्या नंतरचा रविवार ठरला, कारण पास्खाला फादर दुसरीकडे अडकलेले. शनिवारी संध्याकाळी ते आले, मुलांनी एकेक करून पापनिवेदन केलं. मी वाडीच्या मुलांना म्हणालो, आज शाळेतच झोपा. जैतूने मान हलवली.

"घरी जाऊ द्या, मास्तर. मोह पडतोय. पहाटंचा येचला नाय तर गुरं खातील. अंधारात येचतो आनि तसंच चालत येतो. येळेत पोचू."

मी होकार दिला. हेही लिहून ठेवतो. रात्रीचं जेवण झालं की मग काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे बजावलं. मोह वेचताना पोरांचे हात कुठे जातात याचा विचार मला शिवला नाही. जो कधी पहाटे मोहाखाली वाकला नाही त्याला तो सुचायचा कसा? फूल गळतं तेव्हा ते रसाने भरलेलं असतं. दहा फुलं टोपलीत, एक तोंडात, ही त्या पोरांची रीत चालायला लागल्यापासूनची. त्याला ती खाणं म्हणत नाहीत. आपण श्वास घेण्याला काही म्हणतो का?

सकाळी ती आली. धुळीने पाय पांढरे, केस तेल लावून चप्प बसवलेले. विहिरीवर तोंड धुतलं तेव्हा एकमेकांवर पहारा. "ए, गिळू नको, थुक, थुक." बुधीने तर पाण्याचा थेंब ओठात जाऊ नये म्हणून ओठ दातांखाली धरून तोंड धुतलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. एवढी राखण मी कुठल्या मोठ्या माणसाची पाहिलेली नाही.

मग मी देवळाच्या मागे मेणबत्त्या आणायला गेलो. तिथे भिंतीशी टोनी उभा होता. गालात नानखटाई, हातात अर्धी. मला पाहून त्याने ती अर्धीही तोंडात कोंबली. त्याचे डोळे भीतीने मोठे झाले.

मी काय केलं? मी खिशातला रुमाल काढला आणि त्याचं तोंड पुसलं. कोटावर पडलेला चुरा झटकला. म्हणालो, "चल, रांगेत उभा राहा."

त्याला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, आणि मग मला त्याच्या आईकडे जावं लागलं असतं, त्या पत्र्यांखाली उभं राहून. म्हणून मी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि पुढे गेलो. आज लोक सांगतात की मास्तरांनी त्या दिवशी वेदीची लाज राखली. माझ्या खिशात नानखटाईचा चुरा होता.

मिस्सा सुरू होऊन ख्रिस्तशरीर द्यायची वेळ आली. मुलं दोन-दोन करून दाराशी उभी. गाणं चालू झालं आणि माझ्या कोटाला खालून कुणीतरी ओढलं. बुधी.

"मास्तर, म्या मोह चोखला."

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"सकाळी येचताना. एकच. तोंडात कवा गेला ठावं नाय. आत्ता आठवला." तिने माझ्याकडे पाहिलं. "मग आता जाऊ का नको?"

तिने विचारलं होतं. जे मी शिकवलं होतं तेच ती करत होती: झाकायचं नाही, सांगायचं. सबंध देवळात त्या सकाळी माझं शिकवणं जर कुणाला आलं असेल तर तिला. आणि उत्तर साधं होतं. वाकून तिच्या कानात सांगायचं होतं, "बरं केलंस सांगितलंस. तू माझ्याजवळ बस. पुढच्या महिन्यात फादर येतील तेव्हा तू घे." कुणाला कळलं नसतं. ओढणी डोक्यावर राहिली असती.

पण मागच्या बाकावरून इसाबेलबाई पुढे झुकली. "काय म्हणते ती?"

आणि मी घाबरलो. माझा शब्द पडला होता. ज्या पोरीसाठी मी भांडलो तिनेच मला तोंडघशी पाडलं असं मला वाटलं, आणि जेवढं तिच्यासाठी भांडलो होतो तेवढ्याच जोराने मी तिच्यावर उलटलो. म्हणालो, आणि कुजबुजून नव्हे, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणालो, "दारूचं फूल खाऊन वेदीपाशी येतेस?"

आणि तिच्या डोक्यावरची ओढणी ओढून काढली. कातरीनने ती टाचणीने केसांत बसवली होती. टाचणीबरोबर केस आले. बुधी रडली नाही. तिने फक्त डोक्याला हात लावून पाहिलं, ओढणी खरंच गेली का ते.

जैतू उठून आला. बाकांमधल्या वाटेने चालण्याची त्याला सवय नव्हती, तो कडेकडेने, भिंतीला खांदा घासत आला. "काय झालं, मास्तर?"

"हिला घरी घेऊन जा."

बुधी बापाला म्हणाली, "म्या मोह चोखला, बा."

जैतूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाला, "मोह तुमी बी खाल्लाय, मास्तर. आमच्या घरी."

मी म्हणालो, "देवळात आवाज करू नका."

तो आवाज करतच नव्हता. आवाज मी केला होता. त्याने पोरीचा हात धरला. वाडीतली बाकी माणसं उठली, आपापली पोरं रांगेतून काढली आणि एका ओळीत बाहेर गेली. गाणं चालू होतं. टोनी पुढे गेला, गुडघे टेकले, ख्रिस्तशरीर घेतलं. त्याच्या आईने डोळे पुसले. माझ्या हातात ओढणी तशीच होती.

मला त्या पोराचा राग नाही. सात वर्षांच्या पोराला भूक लागते. तो आज कुठेतरी मोठा माणूस असेल. पण मला राग त्या सगळ्या देवळाचा आहे, ज्याने माना वळवून पाहिलं आणि पुन्हा गाणं धरलं. एकही आई उठली नाही. एकाही बापाने म्हटलं नाही की अहो मास्तर, पोर खरं बोलली. कातरीन तेवढी उठली. ती पेटी वाजवायची. ती पेटी बंद करून बाहेर गेली आणि मुलांनी उरलेलं गाणं पेटीशिवाय म्हटलं.

मिस्सा झाल्यावर फादरनी विचारलं, "वाडीचे लोक का गेले?"

इथवर जे घडलं ते रागात घडलं, भीतीत घडलं, असं म्हणून मी स्वतःला थोडं सोडू शकलो असतो. पण फादरनी विचारलं तेव्हा मी शांत होतो. कोट झटकला होता, पाणी प्यायलो होतो. विचार करून बोललो. म्हणालो, "फादर, वाडीत दारू गाळतात. मुलीच्या तोंडाला वास होता."

हे खोटं आहे. ते तेव्हाही खोटं होतं. जैतूने बाप्तिस्म्याच्या आधीपासून दारू सोडली होती, आणि बुधीच्या तोंडाला वास आलाच असेल तर सकाळच्या ताज्या फुलाचा.

फादर परदेशी माणूस, मोहाचं झाड त्यांनी ओळखलंही नसतं. त्यांनी वाडीत जाणं थांबवलं. वाडीची पोरं शाळेत यायची थांबली, त्यांना आणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. पुढे चौकच्या बाजारात त्या तीन घरांना बाटगे म्हणून त्यांचे लोक हसायचे आणि दारुडे म्हणून आमचे. त्या फुलाची आधी दारू झाली, मग त्या दारूने मुलगी झिंगली, मग ती वेदीपाशी पडली, असं लोकांच्या तोंडी वर्षागणिक होत गेलं. मी प्रत्येक वर्षी ऐकलं आणि मान खाली घातली. आम्हाला आमची पोरं शुद्ध आहेत हे सांगायला एक अशुद्ध पोर हवी होती. ती मी पुरवली.

तुम्ही म्हणाल, पापनिवेदन केलं नाहीस का? केलं. इथे नाही, खंडाळ्याला जाऊन, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. जाळीपलीकडच्या म्हाताऱ्या फादरनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तिचं नाव तिला परत दिलंस का?"

मी म्हणालो, "देईन."

त्या 'देईन'वर त्यांनी मला क्षमा दिली. देवाने केली असेल क्षमा, तो देव आहे. पण मी ज्या सुटल्यासारख्या पावलांनी घाट उतरलो त्यांचा मला आज संताप येतो. उधारीवर घेतलेली क्षमा होती ती. कोंबडी खाऊन टाकली असेल तर काय करायचं हे पोरांना सांगणारा मीच होतो.

कातरीन वारल्यावर तिची कपड्यांची पेटी उघडली. ओढणी तिच्यात होती, धुतलेली, घडी केलेली. टाचणीसुद्धा काठाला टोचून ठेवलेली. म्हणजे मी त्या दिवशी ओढणी जिथे टाकली तिथून तिने उचलली होती, आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नव्हती. तिचं ते न बोलणं मला कुठल्याही शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मागच्या वर्षी मोह गळत होता तेव्हा मी ती ओढणी पिशवीत घातली आणि निघालो. चौकपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे पायी. गुडघे कुरकुरत होते. वाटेत एका माणसाला वाडी विचारली तर म्हणाला, "एवढ्या उन्हाचं कुटं निघालात, आजोबा? कोन हाय तुमचं तितं?" मी पिशवी सावरून पुढे चालायला लागलो.

वाडीच्या अलीकडे मोठा मोह आहे. त्याखाली एक बाई वाकून फुलं वेचत होती. सकाळ उलटून गेली होती तरी उशिरा पडलेली फुलं होती. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. बाईने वर पाहिलं. मी ओळखलं नसतं, पण तिने पाहताना डोक्याला हात लावला, पदर सारखा करायला, आणि मी ओळखलं.

"मास्तर ना?" ती म्हणाली.

"हो. जैतू कसा आहे?"

"बा गेला. लई दिस झालं." तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "थकलात तुमी. बसा की सावलीत."

मुलगी तिच्या लुगड्याला धरून म्हणाली, "आये, कोन गं ह्यो?"

"साळंचा मास्तर. म्या लहान व्हते तवा मला शिकिवलं यानी." मग माझ्याकडे बघतच म्हणाली, "खरं बोलायचं, झाकायचं नाय, आसं शिकिवलं."

मला आजही कळलेलं नाही ती टोचून बोलली की सरळ बोलली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी तिचं नाव खाऊन टाकलं होतं, आणि ती तिच्या मुलीपुढे मला माझं नाव देत होती.

तिने टोपलीतून ओंजळभर फुलं उचलून माझ्यापुढे धरली. "घ्या मास्तर, खावा. आज उपास नाय ना?"

मी हात पुढे केला. मूठ भरली, रस बोटांवरून ओघळायला लागला.

"पिशवीत टाका की," ती म्हणाली.

पिशवीत ओढणी होती. ती उघडायची म्हणजे सगळंच उघडायचं. आणि मी त्याचसाठी तर आलो होतो. मुलगी माझ्या मुठीकडे बघत होती. मी म्हणालो, "यंदा फूल बरं पडलंय."

"हो," बुधी म्हणाली. "यंदा बरं हाय."

ती पुन्हा वाकली. मी मूठ तशीच धरून परत फिरलो.

हा लेख मी नव्या मास्तरला देणार आहे. पुढच्या धर्मवर्गात तो त्या बिनदाताच्या पोरीसमोर, तिच्या आईसमोर, सगळ्यांसमोर वाचावा. त्या देवळात सांगितलं गेलेलं खोटं त्याच देवळात मोडलं पाहिजे. त्याने मला खुर्ची देऊ नये. तरीही एवढ्याने माझं फिटत नाही, कारण माफी देवळात मागायची नसते, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन मागायची असते. मी दारापर्यंत जाऊन आलो आहे.

चौकपासून वाडीपर्यंत सगळ्या वाटेने मी ते पाठ करत गेलो होतो, मुलांकडून प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायचो तसं, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता. एवढंच होतं: बुधी, तू खरं बोलली होतीस. खोटं मी बोललो. ही तुझी ओढणी, मला माफ कर.